टोपल्यात टाक, मी बघतो

घाटनांदूरच्या आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे आधी मला कळतं आणि मग त्या घरच्यांना, अशी माझी ख्याती आहे. ती मी कधी नाकारली नाही. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या आसारामभाऊंची प्रियदर्शनी नेमकी कसली नोकरी करते, हे मला कित्येक दिवस कळेना. माझ्यासारखीला हे शोभणारं नव्हतं. पोरगी सकाळी अंघोळ करून, वेणी घालून, मेंढरांच्या वाड्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसायची. एक टेबल, एक खुर्ची, एक लॅपटॉप. संध्याकाळी बाहेर यायची ती दिवसभर जावेशी भांडल्यासारखं तोंड करून. आणि घरात तर जाऊ नव्हती.

गल्लीत तर्क पुष्कळ. कुणी म्हणे शिकवण्या घेते, कुणी म्हणे लग्नं जुळवते. पारावरचे बापे मिशीला हात लावून विचारायचे, "पॅकेज कितीचं हाय गं पोरी?" ती सरळ तोंडानं सांगायची, "दोन झालेत काका, तिसरं अडकलंय." बापे घरी जाऊन बायकांना सांगायचे, आसारामच्या पोरीचं डोकं जरा फिरलंय.

शेवटी मीच भाजलेल्या शेंगा पदरात घेऊन खोलीत जाऊन बसले. शेंगा पुढं केल्या की माणूस बोलतो.

"काकू, पुण्याला एक मोठं मशीन हाय," प्रिया म्हणाली. "सर्व्हर. ढगांचा, वाऱ्याचा, पावसाचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ समदे त्या एकाच मशीनवर काम करत्यात. त्येंना लागणारी सॉफ्टवेअरं कच्ची येत्यात. मी इथनं ती तिथं बांधून देते. बांधलेल्याला पॅकेज म्हणत्यात."

"कच्ची म्हंजी?"

"म्हंजी ज्वारी येती. भाकरी मला करावी लागती. आन् एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. एक जरी चुकीचं आलं तर समदं कोलमडतं."

"म्हंजी लग्नातल्या पाहुण्यावाणी. एकाला पत्रिका दिली की मेव्हणा, मेव्हण्याचा साडू, साडूचं पोरगं."

"तसंच. आन् साडू रुसला तर लग्न मोडतं."

खरी गोम पुढंच होती. मशीन सगळ्यांचं सामायिक, म्हणून कुणालाच कुठंही लिहायची मुभा नाही. प्रियाला तिथं स्वतःपुरती एक खोली दिलेली. त्या खोलीत ती काहीही मांडू शकते, पाडू शकते, आणि तिच्याशिवाय तिथं दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. पण शास्त्रज्ञ वापरतात ते सॉफ्टवेअर असतं सामायिक कपाटात. ते कपाट तिला उघडून बघता येतं, आत काही ठेवता येत नाही. ठेवायला गेलं की मशीन एक ओळ दाखवतं, परवानगी नाकारली. दिवसभर ती ज्या जावेशी भांडायची ती हीच ओळ.

"म्हंजी दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवल्यासारखं," मी म्हटलं. "रातभर बसा, लेंड्या टाका, पर उसाकडं तोंड वळवायचं न्हाई."

बाहेरून आसारामभाऊंचा आवाज आला, "वैनी, आमच्या मेंढरांना तेवढं वळण हाय. तुमच्या शेळीचं सांगा."

त्या कपाटात लिहायची परवानगी एकट्या प्रविणला होती. हा प्रविण आपल्याच जिल्ह्यातला, युसूफ वडगावचा. पुण्याच्या त्या संस्थेत मुरलेला माणूस. अंबाजोगाईच्या कॉलेजात एकदा व्याख्यानाला आला असताना प्रियानं प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं होतं. पुढं त्यानंच तिला हे घरबसल्याचं काम मिळवून दिलं. मशीनवर तिच्या खोलीच्या आणि त्या कपाटाच्या मधोमध त्यानं एक फोल्डर ठेवलं होतं. नाव काय, तर 'टोपलं'. प्रियानं बांधून झालेलं पॅकेज टोपल्यात ठेवायचं. प्रविण ते तपासून कपाटात लावायचा, आणि त्या पॅकेजपुढं मालक म्हणून त्याचं नाव दिसायचं.

फोन स्पीकरवर असायचा, म्हणून त्याचा आवाज मला पाठ. कधी घाई नाही, कधी चिडणं नाही. "कावून घाबरती गं प्रिया? टोपल्यात टाक, मी बघतो."

"त्यो बघतो म्हंजी काय काय बघतो?" मी एकदा डोळा मारून विचारलं. प्रियानं मला शेंगांच्या टरफलांसकट बाहेर काढलं. "दादा म्हणते मी त्येंना, काकू. तोंड आवरा."

बांधणी बरी नसली तर तो ती टोपल्यातच राहू द्यायचा आणि फोन करायचा. प्रियाची एक खोड होती. बांधताना त्याला लागणारं बाकीचं सामान ती मशीनवरच्या स्वतःच्या खोलीत मांडायची, मग ते पॅकेज कपाटात गेलं तरी पाण्यासाठी तिच्या खोलीकडंच बोट दाखवायचं. प्रविण हसून म्हणायचा, "अगं, तू घरी न्हाईस, दार बंद हाय, तर पाहुण्यानं पाणी कुठनं प्यायचं? परत बांध."

या नोकरीची आसारामभाऊंच्या घरात काय किंमत होती, ते भिंतीपलीकडून मी पाहिलेलं आहे. आधी दरसाल दिवाळी झाली की हे घर कुलूप लावून निघायचं. घोड्यावर संसार, मागं मेंढरं, आज या शिवारात, उद्या त्या. पाऊस तोंडावर आला की परतायचं. प्रियाची शाळा तुकड्यातुकड्यानं झाली. ताराबाईंचे, म्हणजे तिच्या आईचे, गुडघे त्या चालण्यातच गेले. पोरीच्या हाताला काम लागलं आणि घर पहिल्यांदा बारमाही उघडं राहिलं. मेंढरं निम्मी कमी केली. ताराबाईंनी दारात तुळस लावली. तिला पाणी घालायला माणूस घरी असणार, याची खात्री झाल्यावर लावलेली ती तुळस.

आणि मार्गशीर्षात प्रविण गेला. पुण्याच्या भाड्याच्या खोलीत झोपला तो उठलाच नाही. ना आजार, ना व्यसन. पोरगी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही.

मग संस्थेचा निरोप आला. प्रविणच्या जागी नवा माणूस नेमेपर्यंत कपाटात लिहायची परवानगी कुणालाही मिळणार नाही. प्रियासारख्यांचे कामाचे करार मात्र पावसाळ्याआधी तपासले जातील, आणि तपासताना कपाटात काय आलं तेच धरतील.

"म्हंजी चूल पेटवू द्यायची न्हाई आन् भाकऱ्या मोजायच्या," मी म्हटलं.

"करार गेला तर बाबा परत निघतील, काकू," ती एवढंच म्हणाली. ताराबाई तेव्हा अंगणात गुडघ्याला तेल चोळत होत्या.

आता इथून पुढं मी जे लिहिते ते वाचून आमच्या गल्लीतली माणसं म्हणतील, बाईनं मीठमसाला लावला. मीठमसाला मी लावते, नाही असं नाही. इथं लावलेला नाही. इथं उलट थोडं कमीच सांगते आहे.

ताराबाई पोरीला म्हणाल्या, "ज्येच्या हातनं आपल्याला भाकरी मिळाली, त्येच्या नावानं पैला घास काढून ठेवावा." आमच्याकडे ठेवतात. वळचणीला, पत्रावळीच्या तुकड्यावर. प्रिया शिकलेली, तिला वळचणीला भाकरी ठेवायची लाज वाटली असेल. तिनं काय करावं? तो गेल्यावर जे पहिलं पॅकेज बांधून झालं, ते तिनं टोपल्यात ठेवलं. उचलायला कुणी नाही हे ठाऊक असून. हात जोडले आणि लॅपटॉप मिटला.

सकाळी टोपलं रिकामं होतं. पॅकेज कपाटात नीट लागलं होतं आणि पुढं नाव होतं, प्रविण.

ती मला बोलवायला आली तेव्हा मी धुणं पिळत होते. "काकू, माणसानं लावून ठेवलेली कामं मशीन आपोआप करतं," ती म्हणाली. "दादांनी तसं काहीतरी लावून ठेवलं असंल. टोपल्यात आलं की उचल, तपास, कपाटात लाव."

"मग भ्यायचं कावून?"

"मी कुठं भ्याले?"

तिनं माझा ओला हात धरला होता. माझ्या हातापेक्षा तिचा गार होता.

दुसरं पॅकेज तयार झालं तेव्हा मी मुद्दाम शेजारी बसले. मी म्हटलं, भूत असलं तर बाईमाणसाशी चार शब्द बोलेल. भर दुपार, ऊन नुसतं खाली ओतल्यासारखं. मेंढरं आसारामभाऊंबरोबर रानात गेलेली, वाड्यात फक्त कोकरं. कोकरं आईवाचून दिवसभर ओरडतात. त्या ओरडण्याची आम्हाला इतकी सवय की ते ऐकूच येत नाही. प्रियानं पॅकेज टोपल्यात ठेवलं. आम्ही दोघी पडद्याकडं बघत बसलो. मी एक विनोद सांगायला सुरुवात केली.

आणि मला एकदम कान बंद झाल्यासारखं वाटलं. कोकरं गप्प झाली होती. एकही नाही, एवढंसंही नाही. मी खिडकीतून वाकून बघितलं. सगळी उभी होती, तोंडं आमच्या खोलीच्या भिंतीकडं. पत्रा तापून एरवी तडतडतो, तोही वाजेना.

"काकू," प्रिया म्हणाली.

मी वळले. टोपलं रिकामं होतं.

मग एक कोकरू ओरडलं, आणि लगेच सगळी. माझा विनोद अर्धाच राहिला. तो आजतागायत मी कुणाला सांगितलेला नाही.

असं चालू झालं. प्रिया बांधायची, टोपल्यात ठेवायची, कपाटात जायचं. पुण्याहून स्वप्ना नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचा फोन यायचा, छान झालं, लवकर झालं. संस्थेतल्या साहेबांना वाटलं, हिला कुणीतरी परवानगी दिली असेल. कुणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही. करार पुढं चालू राहणार अशी चिन्हं दिसू लागली. घरात मात्र ताराबाईंना ते पटेना.

"तेराव्यानंतर रोजचा घास ठेवत न्हाईत गं," त्या म्हणायच्या. "सवय लागती. जाणारा मग उंबऱ्यावरच बसून ऱ्हातोय."

"आई, मशीन करतंय ते. आपोआप."

"मशीनला कसली भूक लागती?"

मी ताराबाईंना म्हणायचे, "अवो, चांगलंय की. जित्ता असता तर पगार घेतला असता." त्या माझ्याकडं बघायच्याही नाहीत.

मग एक दिवस प्रियानं घाईत बांधलेलं पॅकेज टोपल्यात गेलं आणि तिथंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिला हायसं वाटलं. मला म्हणाली, बघा, आपोआप चालणारं काम कधीतरी बंद पडतंच. असं म्हणत तिनं मशीनवरची स्वतःची खोली उघडली. तिथं एक नवीन फाइल होती. तिनं ठेवलेली नव्हे. उघडली तर आत दोन शब्द.

पाण्याचं काय?

मालक, प्रविण.

तिनं त्या पॅकेजची बांधणी पुन्हा तपासली. खोड तीच. ते तिच्या खोलीकडं बोट दाखवत होतं.

"हे बी मशीननंच लिवलं का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "काकू, कपाट त्येंचं होतं. टोपलं त्येंचं होतं. पर माझ्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच लिहिता येत न्हाई. ते जित्ते असतानाबी येत नव्हतं."

मी मनात चित्र उभं केलं. घराला आतून कडी. रात्री आपण झोपलो. सकाळी उठलो, कडी तशीच, आणि मधल्या खोलीत कुणीतरी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. चोरी नाही, नुकसान नाही. उलट आपलीच काळजी. त्या दिवसापासून मी माझ्या घरात तांब्या पालथा घालून ठेवते.

प्रियानं चूक दुरुस्त करून पॅकेज परत बांधलं. टोपल्यात ठेवताना तिचा हात थांबला. अंगणात ताराबाई तुळशीला पाणी घालत होत्या, बसून, गुडघा लांब करून. प्रियानं त्यांच्याकडं बघितलं आणि ठेवून दिलं.

ही गोष्ट गल्लीबाहेर माझ्यामुळं गेली असं सगळे समजतात. या एका बाबतीत मी निर्दोष आहे. ताराबाईंनीच मन मोकळं करायला म्हणून केजच्या आपल्या भावजयीला सांगितलं, आणि केजहून युसूफ वडगाव काही लांब नाही. माघातल्या एका सकाळी दोन गाड्या बदलून एक म्हातारी आमच्या गल्लीत उतरली. बारीक चणीची, कोरड्या डोळ्यांची. हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या शेंगा.

"मी छबुबाई," ती म्हणाली. "प्रविणची आई. माझं लेकरू हितं कामाला येतंय म्हणं."

आम्ही तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. चहा दिला, घेतला नाही. अंगणात बसली आणि सांगू लागली. दहाव्याला तो जिथं निजायचा त्या जागी पीठ पसरलं, दिवा लावला, वरून कोंबड्या झाकायची डाल पालथी घातली. गेलेला माणूस जाताना त्या पिठावर काहीतरी उमटवून जातो. पाऊल, पाखराचा पंजा, काही ना काही. सकाळी डाल उचलली. पीठ जसंच्या तसं.

"मुंगीचं बी पाऊल न्हाई," छबुबाई म्हणाली. "लोक म्हणले, पुण्याला गेला, तर तिकडंच उमटलं असंल. त्येची भाड्याची खोली तवाच दुसऱ्याला देलती. मी कुठं पीठ पसरू? तवापासनं घास माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई. कुठंय त्यो, एवढंच मला दाखीव."

प्रियानं लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. कपाट उघडलं. एका खाली एक पॅकेजं, आणि प्रत्येकापुढं प्रविण, प्रविण, प्रविण. छबुबाईला वाचता येत नव्हतं. प्रियानं तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"हे कवाचं?"

"आज सकाळचं, मावशी."

म्हातारीनं बोट तसंच ठेवलं. "म्हंजी आज सकाळी उठून कामाला लागलाय त्यो." मग पडद्याकडं बघतच म्हणाली, "जित्ता असताना बी सुट्टी मागायचा न्हाई. दिवाळीला आला तर मांडीवर हेच. ताटावरनं उठायचा, आई, आलोच म्हणायचा. त्येला सुट्टी दे बाई."

"मी कोण सुट्टी देणारी, मावशी?"

"घास तूच ठेवतीस न्हवं?"

मला तोंड आवरायला कधी सांगावं लागलं नाही असा तो एकच प्रसंग. प्रियाच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. घास बंद म्हणजे टोपलं भरून राहणार. टोपलं भरून राहिलं म्हणजे कपाटात काही जाणार नाही. कपाटात गेलं नाही म्हणजे करार गेला, आणि करार गेला म्हणजे घराला कुलूप, घोड्यावर संसार. तिनं बापाकडं बघितलं.

आसारामभाऊ काठी टेकून उभे होते. "माझ्याकडं बघू नगंस," ते म्हणाले. "माझं पाय शाबूत हायेत. मेलेल्या माणसाला मी कामाला लावणार न्हाई."

ताराबाईंनी स्वतःचे गुडघे लुगड्याखाली झाकून घेतले. जणू ते कुणाला दिसू नयेत.

"सांगा मावशी," प्रिया म्हणाली. "मी लिहिते. टोपल्यात ठेवू. ते टोपल्यातलंच बघत्यात."

छबुबाई सांगत गेली, प्रिया लिहीत गेली. प्रविण, लेकरा. तूर काढून झाली. तुझी गादी उन्हात घातली, उशीचा कापूस पिंजून घेतला. तुझ्यावाचून कुणाचं अडलं न्हाई असं मी म्हणणार न्हाई. अडलंय. हितल्या पोरीचं अडंल, माझं तर अडलंयच. तरी काम ठिव. दिवस मावळला की हात धुवावं. तुला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगती.

फाइलला नाव दिलं, सुट्टी. टोपल्यात ठेवली.

दुपारभर ती तिथंच होती. कोकरं ओरडत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प व्हायची वाट बघत होते. झाली नाहीत. दिवस मावळला. छबुबाई मुक्कामाला राहिली. ताराबाईंनी ताट केलं, तिनं हात लावला नाही. टोपल्यात फाइल तशीच.

सकाळी मी चूळ भरायच्या आधी भिंतीवरून हाक मारली. प्रिया दारातच उभी होती. फाइल कपाटात गेली होती. सगळ्या पॅकेजांच्या रांगेत, सुट्टी. मालक, प्रविण. तिनं ती छबुबाईला पुन्हा वाचून दाखवली, आणि आता ते कपाट उघडणाऱ्या कुणालाही ती वाचता येणार होती. बदलता मात्र येणार नव्हती.

छबुबाई गाडीला जायला निघाली. पिशवी काखोटीला मारली, आणि म्हणाली, "एकडाव आनखी दाखीव गं त्येचं नाव." प्रियानं कपाट परत उघडलं.

नाव नव्हतं.

वरपासून खालपर्यंत, जिथं जिथं प्रविण होता तिथं नुसता एक आकडा. नव्या पॅकेजांवर, जुन्यांवर, त्या सुट्टीवर, प्रियाच्या खोलीतल्या पाण्याच्या फाइलवरही. सगळीकडं तोच आकडा. कपाटात काही हललं नव्हतं, फक्त माणूस उठून गेल्यासारखं नाव तेवढं गेलं होतं.

"मावशी," प्रिया म्हणाली, "गेले ते."

छबुबाई जिथं उभी होती तिथंच खाली बसली. रडली नाही. पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "भाकरी हाय का गं?" ताराबाईंनी रात्रीचीच शिळी दिली. म्हातारीनं ती तेल-चटणीसंगं सगळी खाल्ली आणि तुकडासुद्धा मागं ठेवला नाही.

त्याच दुपारी प्रियानं संस्थेला सगळं लिहून कळवलं. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "गप बस की, येडे. साहेबांना कुठं ठाव हाय?" ती म्हणाली, "काकू, तुमाला ठाव हाय ना, मग झालं की." हा टोमणा होता. मी सोसला.

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचा फोन आला, तोही स्पीकरवरच.

"मॅडम, प्रविणचं खातं? ते तर तो वारला त्याच आठवड्यात काढून टाकलंय. मीच काढलं. त्याच्या नावानं काहीही आपोआप चालणं शक्य नाही. खातं काढलं की नावाच्या जागी आकडा येतो. तेव्हापासून आकडाच आहे."

"कालपर्यंत नाव दिसत होतं, सर. स्वप्नाताईंनीबी बघितलंय."

"शक्य नाही." मग तिकडं कागद चाळल्यासारखा आवाज. "पण मग एवढी पॅकेजेस कपाटात ठेवली कोणी?"

"तेच मी तुमाला विचारलंय, सर."

त्यांनी चौकशी केली, काही सापडलं नाही. पण हिनं परवानगी नसताना आडवाटेनं कपाटात काम लावलं हे तिच्याच हातचं लिहिलेलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. करार थांबवला. आसारामभाऊंनी घोडं आणलं. ताराबाई गाडीनं पुढच्या मुक्कामावर जायच्या, बाकीचे मेंढरांमागं. घराची किल्ली आणि तुळस माझ्याकडं. जाताना प्रियाच्या डोक्यावर पटका, हातात काठी. मी म्हटलं, "आता पॅकेज कितीचं हाय गं पोरी?" ती म्हणाली, "पोटापुरतं. लेंड्या फुकट." आणि खळखळून हसली. मला बरं वाटलं.

शिमग्यानंतर त्यांचा मुक्काम नेकनूरच्या पुढं एका रानात होता, तेव्हा दुपारी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "काकू, स्वप्नाताईंचा फोन आलता. माझंबी खातं काढलं म्हणं. मशीनवर समद्यांच्या खोल्यांची यादी हाय ना, त्यात दादांच्या खोलीखाली लगेच माझी येती. दादांच्या खोलीपुढं आकडा, आन् आता माझ्या खोलीपुढंबी आकडा."

"मंग मेलीस की गं तिथं तू," मी म्हटलं. सवयीनं म्हटलं, थट्टेनं.

ती हसली नाही. फोनमध्ये वारा वाजत होता.

"ताई म्हणत्यात, माझी खोली कुणीतरी आवरून ठेवलीय. अर्धवट बांधलेली समदी पॅकेजं पुरी बांधलीत. त्येंच्यापुढं माझाच आकडा हाय. आन् तारीख आजची."

"मंग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ताई, मी हितं हाय. उन्हात उभी हाय. पायाला काटा मोडलाय, त्यो काढतीय. त्या म्हणाल्या, मग हितं कोण हाय?"



"फोन ठिवते, काकू," ती म्हणाली. "बाबा हाका मारत्यात."

मला तिच्या बापाची हाक काही ऐकू आली नव्हती, एकाही मेंढराचं ओरडणंसुद्धा नाही. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, समोरच्यानं आधी फोन ठेवल्याशिवाय मी कधी ठेवत नाही. त्या दुपारी मीच आधी ठेवला.